हकीमांच्या नाकाचा शेंडा

“माणसाने सिंह पिंजऱ्यात घातला, समुद्र ओलांडला, चंद्रावर पाऊल ठेवलं, आणि आज, या तुतीच्या आळीत, त्याने माशीला गुडघे टेकायला लावले!”

दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभे राहून हकीम बहजत हे बोलले, उजवा हात आभाळाकडे नेला, टाळ्यांसाठी थांबले, आणि टाळ्या येईपर्यंत रिकाम्या डाव्या हाताने नाकाचा शेंडा खाजवला.

टाळ्या आल्या. नाकाकडे कोणी लक्ष दिलं नाही. खुद्द नाकाच्या मालकानेही नाही.

ही युद्धाच्या आधीची गोष्ट. तेव्हा आमच्या हलब शहराकडे लाज वाटून घ्यायला वेळ होता. पुढे इतकं काही झालं, की लाजेला बिचारीला रांगेत सगळ्यांत मागे उभं राहावं लागलं. पण त्या उन्हाळ्यात ती आमच्या आळीत घरोघर पाहुणचार घेत हिंडत होती.

गुडघे टेकलेली माशी म्हणजे वाळूमाशी. डासापेक्षाही बारीक, आणि डास निदान गुणगुणून वर्दी देतो, ही तेवढंही सौजन्य दाखवत नाही. संध्याकाळी येते, चावते, जाते. काही महिन्यांनी त्या जागी फोड उठतो, त्याचा चट्टा होतो, वर खपली धरते, खाली ओल राहते. वर्षभर मुक्काम करून जाताना तो कायमची खूण ठेवून जातो, म्हणून त्याला आम्ही सालाचा फोड म्हणतो. बाहेरचे डॉक्टर मात्र त्याला आमच्या शहराच्या नावाने ओळखतात. इतर शहरांची नावं अत्तरांना मिळतात, कापडांना मिळतात. आमचं फोडाला मिळालं.

आम्हाला त्याचं फारसं काही वाटायचं नाही. आमच्या बायकांनी तर फोडांत नर-मादीही ठरवून ठेवले आहेत. एकटा असला तर नर, भोवती पिल्लं उठली तर मादी. आणि एक रीत आहे. ज्याच्या अंगावर फोड असेल त्याच्यासमोर त्याचं नाव काढायचं नाही. नाव ऐकलं की तो आपल्या बहिणींना बोलावतो. मग समोरच्याच्या गालावर बशीएवढा चट्टा का असेना, आपण खाली बघायचं आणि म्हणायचं, “वा, बूट छान आहेत हो.” आमच्या शहरात मोची सुखी होते ते उगाच नाही.

हकीम बहजत याच शहरात जन्मले, पण चेहरा धुतलेल्या बशीसारखा. त्यांच्या घराण्यात कोणाच्याच चेहऱ्यावर खूण नव्हती. “आमच्याकडे पहिल्यापासून स्वच्छता होती,” असं ते सहज बोलल्यासारखं म्हणायचे, आणि समोर बसलेली खुणांची माणसं आपापल्या आजीला मनातल्या मनात दोष देत घरी जायची.

मात्र माणूस कष्टाळू होता, हे त्यांचे विरोधकही कबूल करतील. विरोधक म्हणजे मी आणि न्हावी अबू सुब्ही. हकीमांनी आळीतला कचरा हलवला, गाढवांच्या तबेल्याच्या भिंतींना गिलावा केला, घरोघर औषध लावलेल्या मच्छरदाण्या वाटल्या आणि त्या मासे पकडायला, लग्नाचे पडदे करायला कोणी नेऊ नयेत म्हणून स्वतः दर संध्याकाळी पलंगांखाली वाकून पाहिलं. दवाखान्याच्या भिंतीवर आळीचा नकाशा होता. ज्या घरात फोड, त्या घरावर लाल डोक्याची टाचणी. टाचण्या समोरच्या शिवणकाम करणाऱ्या फदवाकडून आणलेल्या. रोगी दर आठवड्याला येऊन फोडाभोवती सुया टोचून घ्यायचा, शेजारच्या गल्लीपर्यंत ऐकू जाईल असं ओरडायचा, आणि बरा झाला की त्याची टाचणी निघायची. सुरुवातीला तो नकाशा गोवर आल्यासारखा दिसे.

“उपचार न केलेला फोड म्हणजे माशांची खानावळ!” हकीम प्रत्येक घरात सांगायचे. “इथे जेवून उठलेली माशी शेजाऱ्याच्या पोराला जाऊन चावते. म्हणून लपवू नका. लाज कसली?”

“लाज कसली” हे ते इतक्या जोरात म्हणायचे, की ज्यांना वाटत नव्हती त्यांनाही आपलं काहीतरी राहून गेलं की काय असं वाटे.

पण खरंच टाचण्या कमी झाल्या. एक अख्खा हंगाम नवी टाचणी लागली नाही, आणि ही बातमी आरोग्य खात्यापर्यंत गेली. खात्याच्या संचालकांनी कळवलं की पुढच्या आठवड्यात, गुरुवारी, ते स्वतः येतील आणि आळीच्या तोंडाशी एक बोर्ड लावतील: सालाच्या फोडापासून मुक्त झालेली शहरातली पहिली आळी. पायऱ्यांवरचं भाषण हे कळलं त्या दिवशीचं. खाजवणंही.

*

पुढच्या आठवड्यात हकीम दाढीला आले. अबू सुब्हीने फेस लावला, वस्तरा उचलला आणि थबकला. नाकाच्या शेंड्यावर मसुराच्या दाण्याएवढा लाल उंचवटा.

“हकीम,” अबू सुब्ही म्हणाला, “बूट नवे वाटतं?”

हकीमांचे बूट त्यांच्या लग्नातले होते. ते ताडकन म्हणाले, “चष्मा घासलाय!”

“असेल, असेल. चष्माच तो.” अबू सुब्हीने वस्तरा गालावर फिरवला. “आमच्या मेहुण्याचा चष्मा मात्र नाकाच्या वर बसतो बुवा. शेंड्यावर बसणारा पहिल्यांदाच बघतोय.”

“अबू सुब्ही, तू दाढी कर.”

“करतोच आहे. तुम्ही नाक हलवू नका. दुखेल. म्हणजे, चष्म्याचं.”

मी बाकावर बसून वर्तमानपत्र वाचत होतो. हकीमांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी वर्तमानपत्राच्या खालून त्यांच्या बुटांकडे पाहिलं.

दोन दिवसांत सगळी आळी हकीमांच्या बुटांची चौकशी करू लागली. भाजीवाला, पाववाला, मशिदीतून बाहेर पडणारी म्हातारी मंडळी. उम्म नझीर, जिच्या ओट्यावरून आळीत कोण आलं-गेलं हे सगळ्यांत आधी कळायचं, ती तर म्हणाली, “हकीम, अल्ला तुमच्या बुटांना लवकर आराम देवो.” बिचारे नाकाला रंगीत चिकटपट्टी लावून हिंडू लागले, आणि कोणी काही विचारलं नाही तरी “चष्मा” असं उत्तर देऊ लागले.

हकीमांना काय झालंय हे आळीत सगळ्यांत आधी हकीमांनाच कळलं होतं. हजारो नाकं पाहिलेला माणूस आपलं नाक ओळखणार नाही? रीतसर काम एवढंच होतं: खोलीचं दार लावायचं, नर्स हयामला सुई भरायला सांगायची, आणि नकाशावर आपल्या घरावर एक लाल टाचणी लावायची. पण टाचणी लागली की नकाशावरचं शून्य गेलं. शून्य गेलं की बोर्ड गेला. आणि बोर्डावर पहिली आळी असं लिहून झालं होतं. रंग वाळत होता.

“गुरुवारपर्यंतच तर आहे,” ते हयामला म्हणाले.

हयाम ही स्पष्टवक्ती बाई. तिने सुई परत कपाटात ठेवली, कपाट जरा जास्तच जोरात लावलं आणि म्हणाली, “हो. माशीलाही कळवते, गुरुवारपर्यंत थांब म्हणून.”

*

मंगळवारी फदवा आली. टाचण्यांची फदवा. बरोबर तिची मुलगी बतूल, चौथीतली, गालावर लाल ठिपका.

हकीमांनी मुलीची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. बोट न लावताच त्यांना कळलं. नुकताच उठलेला, एकटा, कोवळा. आता सुया सुरू केल्या तर खूण तिळाएवढी राहील. त्यांच्या मागे भिंतीवर नकाशा होता, अगदी कोरा, आणि त्याच्या चौकटीला हयामने गुरुवारसाठी हिरवी रिबीन लावली होती.

“डास,” हकीम म्हणाले.

“डास?” फदवाने विचारलं.

“डासच. खाजवू देऊ नका. गुरुवार होऊ दे, मग एकदा दाखवून जा.”

फदवाचा चेहरा एकदम सैल झाला. तिने हकीमांना इतके आशीर्वाद दिले, की ऐकवेना म्हणून हयाम आतल्या खोलीत निघून गेली. बतूल मात्र जागची हलली नाही. ती खालून वर, चिकटपट्टीकडे बघत होती. बूट वगैरे पाहण्याची रीत तिला अजून कोणी शिकवली नव्हती.

“हकीमकाका, तुम्हालापण डासच चावला?”

“चष्मा,” हकीम म्हणाले.

“अगं, चल!” फदवाने तिचा दंड धरला. “माफ करा हकीम, हिची जीभ बापावर गेलीय.”

गुरुवार आला. संचालक आले नाहीत. त्यांना राजधानीत बोलावणं आलं होतं. पुढच्या गुरुवारी बोर्डाचा रंग चुकला. खात्याचा हिरवा वेगळा निघाला आणि बोर्ड परत गेला. त्याच्या पुढच्या गुरुवारी संचालकांच्या मुलीचं लग्न. दर वेळी फदवा दवाखान्याच्या दाराशी यायची, हकीम आतूनच हात हलवून म्हणायचे, “गुरुवार होऊ दे!” आणि ती मान डोलावून परत जायची. हकीमांनी सांगितलंय म्हणजे झालं.

त्या दिवसांत मी हकीमांना एकदा मच्छरदाण्या तपासायला निघालेलं पाहिलं. एका घराच्या उंबऱ्यावर ते सवयीने म्हणाले, “उपचार न केलेला फोड म्हणजे माशांची...” आणि तिथेच थांबले. घरातल्या म्हातारीने मदत म्हणून वाक्य पुरं केलं, “खानावळ.” हकीम पलंगाखाली वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत.

*

नाक वाढत होतं. मसुराचा हरभरा झाला, हरभऱ्याचं बोर. चिकटपट्टी पुरेना. आणि स्वतःच्या दवाखान्यात सुई घेतली तर हयाम टाचणी लावल्याशिवाय राहणार नाही, याची हकीमांना खात्री होती. शेजारच्या आळीच्या दवाखान्यात जावं, तर तिथला डॉक्टर त्यांचा जुना वर्गमित्र. तो पहिलं काय करील तर सगळ्या शहराला फोन.

तेव्हा एका दुपारी, आळी जेवून पडली असताना, हकीम डोक्याला रुमाल गुंडाळून, काळा चष्मा लावून वेशीपलीकडे उम्म फवाझकडे निघाले.

उम्म फवाझ फोडांवर लेप लावायची. अक्रोडाची साल, सिरका, जाळलेल्या चामड्याची राख, आणि आणखी काहीतरी जे ती सांगत नसे. त्या लेपाने आजवर फायदा झालेला कोणी पाहिला नव्हता, पण वर्षाने फोड आपणहून गेला की श्रेय तिला मिळे. हकीमांनीच तक्रार करून तिचा बसायचा ओटा बंद करवला होता. म्हणून आता ती घराच्या अंगणात बसायची.

“ये, बहजत,” ती दार उघडताच म्हणाली.

“तुम्ही मला ओळखलंत?”

“भर उन्हात लोकरीचा रुमाल बांधून दुसरं कोण येणार? शहाण्या माणसांनाच असलं सुचतं. बस, रुमाल सोड.” तिने नाक अंगठ्याने दाबून पाहिलं. हकीमांच्या डोळ्यांत पाणी आलं. “नर आहे. पण बेत मादीचा दिसतो. उशिरा आला रे तुला! इथल्या बऱ्याच जणांचे दात यायच्या आत होऊन जातात.”

“आमच्या घराण्यात कोणालाच...”

“तुमच्या घराण्यात?” उम्म फवाझ हसायला लागली. तिला हसताना खोकला यायचा, त्यामुळे पुढचं ऐकायला थोडं थांबावं लागलं. “अरे, तुझी आजी हुशार होती. पोर पाळण्यात असतानाच संध्याकाळी त्याचं तोंड झाकायची आणि ढुंगण उघडं ठेवायची. तिकडे एकदा येऊन गेला, की पुन्हा चेहऱ्याला धोका नाही! तुझ्या बापाला केवढी मोठी खूण आहे, विचार तुझ्या आईला. तू मात्र शहरी आईचा. तिने तुला सगळीकडून झाकला.”

घराण्याचा अभिमान असा, एका वाक्यात, खालच्या बाजूने गेला. बाईने लेप लावला. नाक आधी भाजल्यासारखं झालं, मग वांग्याच्या रंगाचं.

“जरा अंगणात सावलीत बस,” ती म्हणाली. “वाळू दे. बाकीचेही तिथेच आहेत.”

“बाकीचे?”

हकीम अंगणात गेले आणि दारातच उभे राहिले.

डाळिंबाच्या झाडाखाली चटईवर तुतीची आळी बसली होती. अबू सुब्ही न्हावी, बाही वर करून, कोपरावर लेप. पाववाला, कानावर. उम्म नझीर, जी एरवी ओट्यावरून हलायची नाही, ती हनुवटीला फडकं बांधून. मग सगळ्यांनी, एका वेळी, हकीमांच्या बुटांकडे पाहिलं.

शेवटी अबू सुब्हीच म्हणाला, “बसा हकीम. इथे सगळ्यांचा चष्माच आहे.”

“तुम्ही... तुम्ही दवाखान्यात का आला नाहीत?” हकीमांनी विचारलं. “मी घरोघर सांगत होतो! लपवू नका म्हणून घसा फोडत होतो!”

“आता कसं यायचं?” उम्म नझीर म्हणाली. “तुम्ही किती खपलात आमच्यासाठी! पलंगाखाली शिरून शिरून कंबर गेली तुमची. एवढा बोर्ड मिळतोय तुम्हाला, तोही रंगवून तयार. आम्ही येऊन टाचणी लावून घ्यायची आणि तुमचं नाक कापायचं? म्हटलं, गुरुवार होऊ दे.”

“तुमच्यासाठीच थांबलो,” पाववाला म्हणाला. “नाहीतर मला काही हौस आहे का कानाला चामडं लावून घ्यायची?”

आमच्या आळीतल्या लोकांनी आयुष्यात कोणाचं काही ऐकलं नव्हतं. पालिकेचं नाही, पोलिसांचं नाही, बायकोचंही नाही. एकदा हकीमांचं ऐकलं, खानावळी बंद केल्या. आणि आता हकीमांच्या प्रेमाखातर त्यांनी त्या पुन्हा उघडल्या होत्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर हकीमांनी त्या घेतल्या असत्या. हे घेता येईना.

तेवढ्यात कोपऱ्यात कोणीतरी हललं. फदवा. तिच्या मांडीवर डोकं ठेवून बतूल. गालावरचा ठिपका आता खजुराएवढा झाला होता, आणि लेपाने त्याची कड सोलून निघाली होती.

“गुरुवार येईचना, हकीम,” फदवा म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. उलट आपणच काही चुकल्यासारखी ती घाईघाईने सांगत होती. “डासच आहे हे मला माहीत आहे, तुम्ही सांगितलंत ना. पण शाळेत पोरी चिडवतात, म्हणून म्हटलं, तोवर इथे... रागावू नका. उद्यापासून नाही आणणार.”

हकीमांनी पहिल्यांदाच स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. लग्नातले बूट. शिवण उसवलेली. ते इतका वेळ बघत राहिले, की उम्म नझीरला वाटलं त्यांना लेप चढला.

*

संचालक पुढच्याच गुरुवारी आले. दवाखान्यासमोर मांडव, मांडवात खुर्च्या, मागे टेबलावर पिस्ते घातलेल्या मिठाईचे थाळे. आत भिंतीवर नकाशा, कोरा, रिबीन लावलेला. बोर्डावर कापड. सगळी आळी धुतलेले कपडे घालून आली होती, आणि त्या उकाड्यात निम्म्या लोकांच्या बाह्या मनगटापर्यंत बंद होत्या. संचालकांना ते आमचं सभ्यपण वाटलं. भाषणात त्यांनी त्याचं कौतुकही केलं.

हकीमांच्या नाकावर पावडर होती. पावडरखाली वांगं होतं. संचालकांनी हस्तांदोलन करताना एकदा नाकाकडे पाहिलं, आणि तेही शेवटी याच शहरातले, म्हणून म्हणाले, “डॉक्टर, बूट सुरेख.”

“आता डॉक्टर बहजत आपल्या हस्ते कापड दूर करतील,” संचालकांनी जाहीर केलं.

हकीम उठले. कापडाचं टोक हातात धरलं. समोर पहिल्या रांगेत फदवा बसली होती; तिने बतूलच्या गालावर ओढणी नीट ओढली, आणि मुलीच्या कानात म्हणाली, “टाळ्या वाजव हं.” पहिली रांग असल्याने ते हकीमांनाही ऐकू गेलं.

हकीमांनी टोक सोडलं. खिशातून रुमाल काढला आणि नाक पुसलं. मग आणखी पुसलं. पावडर गेली.

मांडवात चुळबुळ झाली. पुढची खुर्ची मागच्या खुर्चीच्या कानाला लागली.

“हा चष्मा नाही,” हकीम म्हणाले. भाषणाचा आवाज नव्हता तो. नुसता बोलण्याचा होता, आणि तोही फाटलेला. “हा सालाचा फोड आहे.”

त्यांनी नाव काढलं. भर मांडवात. उम्म नझीरने छातीवर हात ठेवला.

“माझी टाचणी मी लावली नाही. मला बोर्ड हवा होता. आणि हे त्याहून वाईट: या मुलीचा फोड मी तिची हनुवटी धरताच ओळखला, आणि तिच्या आईला सांगितलं, डास आहे. खोटं सांगितलं. ती सारखी येत राहिली आणि मी दारातून हात हलवत राहिलो. आता तिच्या गालावर जी खूण राहील ती माशीची कमी आणि माझी जास्त.” ते थांबले. “लाज कसली, असं मी तुम्हाला विचारायचो. आता सांगतो कसली ते. ही.”

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बतूलने एकदा वाजवली. आईने हात धरला.

हकीम फदवापुढे जाऊन उभे राहिले. “टाचण्या आहेत?”

फदवाने ओढणीच्या काठाला टोचलेली एक टाचणी काढून दिली. ती त्यांच्या तळव्यावर ठेवताना तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. “मी शेजारणींनाही म्हणत होते, डासच आहे,” ती हळूच म्हणाली. “सगळ्यांशी भांडत होते मी. हकीम खोटं बोलत नाहीत म्हणून.”

हकीम आत गेले, नकाशावर आपलं घर शोधलं, आणि टाचणी लावली. बाहेर आले तेव्हा अबू सुब्ही उठून बाही दुमडत होता. “मलाही एक द्या. न्हाव्याचं दुकान, खाली डाव्या हाताला.” मग पाववाला. मग उम्म नझीर, फडकं सोडत, “आम्ही काय मेलं कमी आहोत?” म्हणत. फदवाच्या ओढणीच्या काठाची सगळी शिवण सुटायची वेळ आली.

संचालक बराच वेळ आपल्या बुटांकडे बघत होते. मग त्यांनी माणसांना खूण केली. बोर्ड कापडासकट गाडीत गेला. मिठाईचे थाळेही जायचे होते, पण एका थाळ्यावर उम्म नझीरने हात ठेवला होता आणि तिच्याशी वाद घालण्याइतका खात्याला वेळ नव्हता.

अबू सुब्ही आणि मी शेजारी उभे होतो. वर्षभर ज्यांची टिंगल केली त्या माणसाची अशी अवस्था झाल्यावर आम्हाला मजा यायला हवी होती. आली नाही. अबू सुब्ही एवढंच म्हणाला, “यांचे बूट खरंच फाटलेत रे.”

*

त्याच दुपारी दवाखान्याची रांग आळीच्या तोंडापर्यंत गेली. हयामने पहिल्यांदा हकीमांना खुर्चीत बसवायचं ठरवलं होतं. ते म्हणाले, “मी शेवटचा.” आणि फदवाला आत बोलावलं.

बतूल खुर्चीत बसली. पाय जमिनीला लागत नव्हते. हकीमांनी गालावरचा लेप कोमट पाण्याने हळूहळू धुतला. सुई भरली. मग हातात सुई घेऊन, सुरू न करता, ते तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. सकाळपासूनचं सगळं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

“बतूल, डास नव्हता.”

“मला माहीत होतं,” बतूल म्हणाली. “डासाचं दुसऱ्या दिवशी जातं.”

“मी तुझ्याशी खोटं बोललो.”

“हो.”

“खूण राहील?” फदवाने मागून विचारलं.

हकीमांनी मान वळवली. त्यांना “बघू” म्हणता आलं असतं. डॉक्टरांना ते नेहमीच म्हणता येतं. “राहील,” ते म्हणाले. “तेव्हाच सुया दिल्या असत्या तर तीळभर राहिली असती. आता दिसेल एवढी राहील. आणि दर वेळी तिच्याकडे बघताना ती मला दिसेल.” पुन्हा ते मुलीकडे वळले. “बेटा, मी तुझी माफी मागतो. तू माफ करायलाच हवं असं नाही. तू मोठी झाल्यावर ठरव. पण आज तुला जे पाहिजे ते सांग. काहीही. हा हकीम तुझ्यासाठी करील.”

हयामने ओठ दाबून धरले. फदवाने डोळ्यांना ओढणी लावली.

बतूलने त्यांच्या चेहऱ्याकडे, म्हणजे नेमकं चेहऱ्याच्या मधोमध, बराच वेळ पाहिलं. तिची हनुवटी थरथरायला लागली. हकीमांना वाटलं, आता रडेल.

“हकीमकाका,” ती कशीबशी म्हणाली, “सुई देताना ते नाक जरा झाकता का? मला हसू येतं, आणि हसलं की गाल हलतो.”